फुटक्या नळीची बंदूक आणि जंगलाची शाळा : शिकारी जिम कॉर्बेट असा घडला

जिम कॉर्बेट हे नाव काढलं की नरभक्षक वाघ आठवतात. चंपावतची वाघीण, रुद्रप्रयागचा बिबट्या आणि त्यांच्या मागे डोंगरदऱ्या पालथ्या घालणारा अर्ध्या चड्डीतला गोरा साहेब. ही गोष्ट मात्र त्याआधीची आहे. बाप नसलेलं, खेड्याच्या कडेला राहणारं एक पोर हातात बेचकी घेऊन जंगलात शिरलं. तिथं त्यानं हरणाचा माग काढायला, वाऱ्याची दिशा ओळखायला आणि झाडावर चढायला कसं शिकून घेतलं, त्याची ही गोष्ट.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीतालला झाला. वडील ख्रिस्तोफर तिथले पोस्टमास्तर. घरात लेकरांची फौज आणि जिम त्यातला आठवा. १८८१ मध्ये वडील वारले तेव्हा जिमला सहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आई मेरी जेन खमकी बाई. नैनीतालमध्ये घरं भाड्यानं लावून देण्याचा व्यवसाय तिनं सांभाळला आणि संसार ओढला. थोरला भाऊ टॉम घरचा कर्ता झाला. साहेबांचं कुटुंब म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तसा थाट या घरात नव्हता. पै-पैचा हिशोब होता.

नैनीतालची थंडी कडाक्याची. म्हणून हिवाळा सुरू झाला की हे कुटुंब डोंगर उतरून कालाढुंगीला यायचं. हिमालयाच्या पायथ्याच्या या पट्ट्याला भाबर म्हणतात. त्याच्या खाली तराईचं ओलसर गवताळ रान. घराच्या मागं जंगल, पुढं शेतं आणि जवळून वाहणारी बोर नदी. वाघ, बिबटे, अस्वलं, चितळ, सांबर, रानकोंबड्या असं सगळं हाकेच्या अंतरावर. शहरातल्या पोरांना शाळेच्या आवारात जेवढं मोकळं वाटतं, तेवढं जिमला या रानात वाटू लागलं.

बेचकीपासून ठासणीच्या बंदुकीपर्यंत

जिमला न्यूमोनिया झाला होता. आजारातून उठणाऱ्या पोराच्या अंगात ताकद यावी म्हणून टॉमनं त्याला बेचकी आणून दिली. हे त्याचं पहिलं हत्यार. त्यानंतर मातीच्या वाळवलेल्या गोळ्या मारायचं धनुष्य आलं. त्याला तिकडे गुलेल म्हणतात. मनगट वेळेवर वळलं नाही तर गोळी धनुष्य धरलेल्या आपल्याच हातावर बसायची. कळ मस्तकात जायची आणि हात लवकर सरळ व्हायचा.

या बेचकीला एक कामही मिळालं. स्टीफन डीझ हे नातेवाईक कुमाऊंतल्या पक्ष्यांवर पुस्तक करत होते. जिम त्यांना पक्षी आणून द्यायचा, कातडं नीट सोलून ठेवायचा. पोपट कोणत्या झाडावर उतरतो, कोणता पक्षी कोणत्या वेळी ओरडतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. या मदतीचं बक्षीस म्हणून डीझ यांनी त्याला दोन नळ्यांची ठासणीची बंदूक दिली. बंदूक कसली, मोडकातोडका सांगाडाच तो. जादा दारू ठासल्यामुळे उजवी नळी पूर्वी केव्हातरी फाटली होती आणि तुटलेला लाकडी दस्ता नळ्यांना पितळी तारेनं बांधला होता. म्हणजे नळी एकच चालणारी आणि बार एकच.

आजचा कोणी म्हणेल, असल्या बंदुकीनं काय शिकार होणार? पण खरं शिक्षण तिनंच दिलं. दारू आणि छर्रे मोजकेच मिळायचे. एक बार फुकट गेला की पुन्हा नळीतून दारू, बोळा, छर्रे ठासत बसायचं. तोवर जनावर डोंगरापलीकडे. म्हणून लांबून बार टाकायची चैन जिमला परवडणारी नव्हती. जवळ जायचं, अगदी जवळ, आणि खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा नियम गरिबीनंच घालून दिला.

जवळ जायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडी चालायचं. वारा आपल्याकडून हरणाकडे गेला की संपलं, शंभर पावलांवरूनच त्याला माणसाचा वास लागतो. पायाखाली वाळकी पानं, काटक्या. म्हणून पाऊल आधी टेकवायचं आणि भार मागाहून टाकायचा. हरणानं मान वर केली की जागच्या जागी थिजायचं, कारण हरणाला रंगापेक्षा हालचाल लवकर दिसते. त्यानं पुन्हा चरायला मान घातली की दोन पावलं पुढं. रानाच्या कडेला राहणाऱ्या कुठल्याही गुराख्याला हे ठाऊक असतं. जिमचं वेगळेपण असं की त्याला याचा कंटाळा आला नाही.

एकदा असाच दबकत तो पाच-सहा रानकोंबड्यांच्या मागावर होता. बोरीच्या एका जाळीपर्यंत पोचला आणि पलीकडे डोकवायला उठून उभा राहिला. तेवढ्यात जाळीच हलली आणि दुसऱ्या बाजूनं वाघ बाहेर पडला. वाघानं मागं वळून पोराकडे पाहिलं आणि सावकाश चालत निघून गेला. हातात फुटकी बंदूक, त्यात कोंबडीचे छर्रे. त्या दिवशी पोराच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. वाट सोडून दिली, त्रास दिला नाही, तर वाघ माणसाच्या वाटेला जात नाही. पुढं आयुष्यभर नरभक्षकांचा पाठलाग करूनही हे मत बदललं नाही.

गुरू चोरटा शिकारी

जिमला गुरू मिळाला तो कालाढुंगीजवळच्या चांदनी चौक गावात. कुंवरसिंग हे त्याचं नाव. जातीनं ठाकूर, गावचा मुखिया आणि त्या भागातला सर्वांत पटाईत चोरटा शिकारी. सरकारी जंगलात परवान्याशिवाय हरणं मारणारा हा माणूस टॉमचाही दोस्त होता. त्याच्या घरात काय शिजतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तसं पाहिलं तर पोराला त्याच्या नादी लागू देऊ नये असाच हा इसम. पण रान वाचणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

पोराच्या हातात बंदूक आल्याचं कळल्यावर कुंवरसिंगनं पहिला धडा दिला, तो नेमबाजीचा नव्हता. आधी झाडावर चढायला शीक, मग हवं त्या रानात जा, असं त्यानं बजावलं. आणि का, ते पटावं म्हणून हरसिंगची गोष्ट सांगितली.

कुंवरसिंग आणि हरसिंग एकदा गरुप्पूच्या रानात शिकारीला गेले होते. तिथं वाघाशी गाठ पडली. कुंवरसिंग झपकन झाडावर चढला. हरसिंगला चढता येत नव्हतं, त्यानं बुंध्यालाच मिठी मारली. वाघ मागच्या पायांवर उभा राहिला, दोन्ही पंजे बुंध्याला लावून त्यानं हरसिंगला मधे कोंडलं आणि झाडाची साल ओरबाडू लागला. खाली वाघाची डरकाळी आणि माणसाची किंकाळी एकात एक मिसळलेली. वरून वाघावर बार टाकावा तर मधे मित्र. शेवटी कुंवरसिंगनं हवेत बार काढला. वाघ दचकून निघाला, पण जाता जाता त्याच्या नखांनी हरसिंगचं पोट उघडलं. कुंवरसिंग खाली उतरला, बाहेर आलेली आतडी आत सारली, पागोट्यानं पोट आवळून बांधलं आणि मित्राला परत आणलं. हरसिंग जगला. ज्याला झाडावर चढता येत नाही त्यानं रानात जाऊ नये, एवढा त्या गोष्टीचा अर्थ. जिम चढायला शिकला, आणि पुढं कित्येक रात्री त्यानं झाडांवर बसून काढल्या.

जिमच्या रानातल्या शिक्षणाचा आणखी एक मोठा भाग होता, तो म्हणजे कान. वाघ किंवा बिबट्या दिसला की चितळ तीक्ष्ण हाक देतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सांबर भोंग्यासारखा आवाज काढतं, वानर शेंड्यावरून खकारतं. कोणाची हाक आहे, ती कुठून येते, पुढं सरकते की एकाच जागी थांबली, यावरून न दिसणारं जनावर कुठं आहे ते कळतं. जिम या हाकांची नक्कलही करायला शिकला. पहाटे नाल्याच्या वाळूत उतरायचं आणि रात्री कोण कोण गेलं ते वाचायचं. ठसा ताजा की दव पडायच्या आधीचा, जनावर चालत गेलं की पळत, एकटं की पिलांसोबत. शाळेतल्या पाटीपेक्षा ही वाळूची पाटी त्याला जास्त आवडायची.

पहिली रायफल, पहिला बिबट्या

दहाव्या वर्षी जिम नैनीतालच्या शाळेत कॅडेट पथकात होता. तिथल्या सार्जंट मेजरनं त्याचं रानाचं वेड पाहून त्याला ४५० बोअरची मार्टिनी रायफल हिवाळ्यापुरती वापरायला दिली. सोबत काडतुसं. अट अशी की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी टरफलं परत आणून द्यायची. रायफल एवढी जड आणि धक्का एवढा जबर की पोराचा खांदा सुजावा. पण आता कोंबडीच्या छऱ्र्यांवर भागवायची गरज राहिली नाही. त्याच रायफलनं जिमनं आपला पहिला बिबट्या मारला.

शिकार हेच मात्र पोटापाण्याचं साधन होणार नव्हतं. अठराव्या वर्षाच्या आसपास जिमला रेल्वेत नोकरी धरावी लागली. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत जळाऊ लाकूड तोडून घेणारा निरीक्षक. मग बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका. एका रुंदीच्या रुळांवरच्या वाघिणींतून माल काढायचा, नदी ओलांडून दुसऱ्या रुंदीच्या वाघिणींत भरायचा. मजुरांच्या बरोबरीनं खांद्यावर कोळसा वाहत त्यांनी तिथं वीसहून अधिक वर्षं काढली. पहिल्या महायुद्धात कुमाऊंतल्या पाचशे माणसांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले.

एका वाईट गोळीची किंमत

रजेवर कुमाऊंत आले की जुनी विद्या कामाला यायची. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीला मारायचं काम त्यांच्याकडे आलं. नेपाळात आणि कुमाऊंत मिळून तिनं ४३६ माणसं मारली होती. काम हाती घेताना कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. सरकारनं लावलेलं इनाम रद्द करायचं आणि बाकी शिकाऱ्यांना माघारी बोलवायचं. पैशासाठी शिकार करणारा म्हणून नाव लागावं हे त्यांना नको होतं, आणि कुणाच्या तरी उतावळ्या गोळीनं आपण मरावं हेही नको होतं.

वाघीण मेल्यावर तिचा जबडा उघडून पाहिला, तेव्हा उजव्या बाजूचे सुळे मोडलेले निघाले. जुन्या गोळीची ती जखम. कुणी तरी कधी तरी तिच्यावर बार टाकला होता, तो नीट लागला नाही, आणि तो माणूस घरी निघून गेला. त्या सुळ्यांनी तिला तिचं नैसर्गिक भक्ष्य धरता येईना. मग ती माणसाकडे वळली.

कॉर्बेट यांच्या सगळ्या लिखाणाचा हा कणा आहे. वाघ जन्मतः नरभक्षक नसतो, त्याला परिस्थिती तसं करते. कधी जुनी गोळी, कधी साळिंदराचे काटे, कधी म्हातारपण. मुक्तेश्वरच्या वाघिणीच्या अंगात साळिंदराचे काटे रुतले होते. म्हणून जखमी जनावर सोडून घरी जाणं त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा होता. फुटक्या बंदुकीच्या दिवसात दारू वाचवण्यासाठी लागलेली सवय, जवळ जा आणि खात्रीनं मारा, तिचा खरा अर्थ त्यांना चंपावतला कळला. लांबून टाकलेला एक बेपर्वा बार शेकडो घरं उजाड करू शकतो.

पनारचा बिबट्या त्यांनी १९१० मध्ये मारला. रुद्रप्रयागच्या बिबट्यानं १९१८ पासून आठ वर्षं केदार-बद्रीच्या यात्रेकरूंची झोप उडवली होती. १२५ माणसं गेली. इन्फ्लुएंझाच्या साथीत लोकांना प्रेतं जाळायलाही जमेना, ती दरीत लोटली जायची. तिथूनच या बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक लागली असावी, असा कॉर्बेट यांचा अंदाज. नदीवरच्या पुलाच्या मनोऱ्यावर, झाडांवर, गोठ्यांजवळ रात्री काढून अखेर २ मे १९२६ रोजी गुलाबरायच्या आंब्याच्या झाडावरून त्यांनी तो टिपला. तोवर ते पन्नाशीत होते.

हात थांबला

कॉर्बेट यांना संत करायचं कारण नाही. हौसेची शिकार त्यांनीही भरपूर केली. पवलगढचा प्रसिद्ध वाघ त्यांनी १९३० मध्ये मारला. तो नरभक्षक नव्हता, नुसता मोठा होता, एवढंच. बड्या साहेबांच्या शिकारीच्या मोहिमाही त्यांनी आखून दिल्या.

पण रान डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. लहानपणी ज्या नाल्यात रोज नवा ठसा दिसायचा, तिथली वाळू कोरी राहू लागली. वनाधिकारी फ्रेडरिक चॅम्पियन यांनी काढलेले वाघांचे फोटो पाहिल्यावर कॉर्बेट यांनीही कॅमेरा हाती घेतला. फोटोसाठी जनावराच्या जितकं जवळ जावं लागतं, तितकं बंदुकीसाठीही जावं लागत नाही. कुंवरसिंगनं शिकवलेलं सगळं पुन्हा उपयोगी आलं, फक्त शेवटी बार होत नव्हता. ओढ्याकाठी लपण करून त्यांनी वाघांची चलतचित्रं घेतली. शाळांमधून पोरांना जंगलातल्या हाका ऐकवत ते फिरले. १९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क झालं. भारतातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांमध्ये कॉर्बेट पुढं होते. पुढं त्याला त्यांचं नाव देण्यात आलं.

दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटून गेल्यावर, त्यांच्या या विद्येचा वेगळाच उपयोग झाला. ब्रह्मदेशच्या रानात लढायला जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसं राहायचं, कसं चालायचं, आवाजावरून दिशा कशी ओळखायची, हे शिकवायला त्यांना लेफ्टनंट कर्नल करून नेमलं. ही शाळा भरली ती नागपूरच्या वरच्या अंगाला, छिंदवाड्याच्या सातपुड्यात. भाबरात एका चोरट्या शिकाऱ्यानं पोराला शिकवलेले धडे असे आपल्या शेजारच्या डोंगरात पोचले. १९४४ मध्ये त्यांचं नरभक्षकांवरचं पहिलं मोठं पुस्तक निघालं आणि जगभर गेलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीचं मानधन त्यांनी युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी दिलं.

गुरूचं ऋण

कुंवरसिंगचं पुढं काय झालं? त्याला अफूचं व्यसन लागलं. रानात कुणाला हार न जाणारा माणूस चिलमीपुढे हरला. हाडांचा सापळा होऊन तो अंधाऱ्या खोलीत पडला आणि घरच्यांनी आशा सोडली. कॉर्बेट तिथं पोचले. भोवतीची गर्दी त्यांनी हटवली, रात्रभर उशाशी बसून घोट घोट दूध पाजलं. सकाळी त्याला सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावली की पुन्हा अफूला शिवणार नाही. कुंवरसिंगनं ती पाळली आणि तो आणखी काही वर्षं जगला. ज्यानं झाडावर चढायला शिकवलं, त्याला खड्ड्यातून वर काढायची पाळी शिष्यावर आली.

कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचं ओसाड पडलेलं गाव कॉर्बेट यांनी विकत घेऊन वसवलं होतं. कुळं आणली, पाणी खेळवलं. पण पिकं वर आली की डुकरं आणि हरणं उतरायची. शेतकऱ्यांचं हे दुखणं तेव्हाही तेच होतं. कॉर्बेट यांनी त्यावर साऱ्या शिवाराभोवती दगडी भिंत घातली. सहा फूट उंचीची ती भिंत पुरी व्हायला दहा वर्षं लागली. जनावरं बाहेर, पिकं आत. १९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसोबत ते केनियाला गेले, तेव्हा जमीन कुळांकडेच राहिली. राखणीसाठी त्यांनी दिलेली एक बंदूकही गावातच राहिली. केनियातल्या न्येरी इथं १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाच्या शिकारीवर बंधनं आली. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तो कॉर्बेट यांच्या नावाच्या उद्यानातूनच, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत अमरावतीचं मेळघाटही होतं. आज रानाच्या कडेला राहणाऱ्या पोरानं हरणाच्या मागावर जायचं तर हातात मोबाइलचा कॅमेरा असावा लागतो. बाकी सगळं तेच आहे. वारा तोंडावर घ्यायचा, पाऊल आधी टेकवायचं, भेकर भुंकलं की थांबायचं. नाल्याच्या वाळूत पहाटे अजूनही लिहिलेलं असतं, वाचणारा हवा.